दोन मोठे, एक लहान

मी कधी काही लिहिलं नाही. नववीत नापास झाली न मंग लग्नच झालं. आपल्या जयपूरच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढतात त्या देशपांडे मॅडम म्हणाल्या, तू फोनमधी बोलून पाठव, मी कागदावर उतरवून घेते, तुझं बोलणं बदलत नाही. म्हणून बोलून राहिली आहे. सम्यक मांडीवर झोपला आहे, दीड वर्षाचा आहे तो, उठायच्या आत सगळं सांगून टाकते, काहून की ही गोष्ट तो जागा असताना सांगायचं मले भेव लागते. काहून ते पुढं कळेनच.

मी हॉटेल निवडते. माझं कामच ते आहे. शास्त्री नगरात मीनाजींचं टूरचं दुकान आहे, बाजूले पिठाची गिरणी, त्याच्यामुळं आमच्या फोनवर पलीकडच्याले नेहमी घरघर ऐकू जाते. जयपूरचे लोक साउथले गेले की बाकी काही पाहो न पाहो, रामेश्वर पाहिजेच. मंग त्याहिले तिथं कुठं उतरवायचं हे मी ठरवते. मी स्वतः रामेश्वर पाह्यलं नाही. समुद्रच पाह्यला नाही. वर्ध्याची पोरगी मी, आमची धाम नदी तेवढी पाह्यली, न लग्नानंतर सम्यकच्या पप्पांच्या रेल्वेतल्या बदलीनं इथं, जिथं नदी पण नाही.

लोकाले वाटते फोटो पाहून हॉटेल निवडतात. फोटोत सगळ्याच चादरी पांढऱ्या असतात हो. मी फोटो पाहतच नाही. मी काउंटरवाल्याले म्हणते, भैया, कमरे में जाओ, फोन खिडकीपे रखो और कुछ मत बोलो. मंग मी ऐकते. खालून जनरेटर चालून राहिला का, भोंगा किती जवळ आहे, सयपाकघरातली भांडी आपटून राहिली का. मंग बाथरूममधी न्यायले लावते, नळ सोडायले लावते. बादलीत धार पडल्याचा आवाज आला तर ठीक, नुसतं फुसफुस झालं तर समजायचं वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. आणि रामेश्वरचा खास सवाल असा, की लोक मंदिरातल्या बावीस विहिरींवर आंघोळ करून तसेच ओलेगच्च येतात, तर ओल्या कपड्यानं पायऱ्या चढू देता का? जो काउंटरवाला हे ऐकून चिडला, त्याच्याकडे मी म्हाताऱ्या माणसाले पाठवत नाही.

एकदा झालानाकडचं एक जैन जोडपं होतं, सूर्य बुडायच्या आत जेवणारं. मी जयपूरच्या सूर्याच्या हिशोबानं हॉटेलवाल्याले जेवणाची वेळ सांगितली. ताट आलं तर बाहेर अंधार. काकांनी मले फोन केला, "बेटी, यहाँ का सूरज किधर गया?" तवा मले समजलं की उन्हाळ्यात तिकडं सूर्य लवकर बुडते. दोघं उपाशी झोपले बिचारे. आणि जवाहर नगरचे एक साहेब होते, त्याहिले समुद्राकडचीच खोली पाहिजे होती, दिली. सकाळी फोन. "मॅडम, ये कैसा समुंदर दिया है? हिलता ही नहीं! लहर नहीं, आवाज नहीं, तालाब है तालाब!" मीनाजी हसता हसता म्हणे, "बोल दे, सर, अगली बार हिलवा देंगे." मी पण हसली. तिथला समुद्र तसाच आहे म्हणतात, मंदिराजवळचा, एकदम चूप.

आता खरी गोष्ट.

सुमनचा फोन आला तवा गिरणी चालू होती. आवाजावरून माझ्याच वयाची वाटली. म्हणे, दीदी, रामेश्वर में एक रात का कमरा चाहिए, और रेल का टिकट. मी विचारलं, कितने जने? म्हणे, "तीन जने हैं. मैं, ये और छोरी." छोरी चार वर्षांची, तिले बर्थ लागत नाही. मी लिहून घेतलं, दोन मोठे, एक लहान. यांचं नाव? रामस्वरूप. मी सगळ्याले विचारते तसं तिले पण विचारलं, भैया को घुटने की तकलीफ तो नहीं, सीढ़ी चढ़ लेंगे?

ती म्हणे, "अब कोई तकलीफ नहीं है."

जायचे दोन बर्थ घ्यायले लावले न यायचा एकच. मले वाटलं भैया तिकडूनच कुठं कामाले जाईन. आपल्या रेल्वेच्या लाइनीत अशा लय बाया पाह्यल्या मी, नवऱ्याले सोडून एकट्या वापस येणाऱ्या. आणि गाडीत काय, एका तिकिटावर एकाचं आधार दाखवलं की चालते. म्हणून जयपूरपासून तिथवर कोणीच काही विचारलं नाही.

विचारलं ते हॉटेलच्या काउंटरवर. तिथं मोठ्या माणसाचं, प्रत्येकाचं आधार लागते. दुपारी मी दुकानात, सम्यकले खुर्चीच्या पायाशी खेळत ठेवलेलं, हॉटेलवाल्याचा फोन आला की लेडीज आली आहे, बच्ची आहे, जेन्ट्स नाही, तुमचं बुकिंग दोघांचं आहे. मी म्हटलं, फोन द्या तिले. सुमनले म्हटलं, अहो दीदी, भैयाले फोन द्या ना, मी समजावते.

म्हणे, "वो तो मेरी गोद में हैं."

मले समजलंच नाही. मी म्हटलं, म्हणजे, मतलब? मंग तिनं सांगितलं. मडकं होतं. लाल कपड्यात बांधलेलं. त्याच्यात तिचा नवरा होता.

आपल्या इकडं असं नसते म्हणून मले ठाऊक नव्हतं. मीनाजीनं मंग सांगितलं की इथल्या लोकात राख न्यायची तर माणूस नेतात तसंच नेतात. त्याचं तिकीट काढतात. वाटेत नदी आली की सांगतात, नदी आई है जी, सँभल के. गाडी बदलली की सांगतात, चहा घेतला की आधी त्याले दाखवतात. आणि पाण्यात सोडेपर्यंत त्याले एकटं ठेवत नाहीत, नाहीतर तो वाट चुकते म्हणतात. सुमनच्या घरी दुसरं पुरुष माणूस कोणी नव्हतं. तो दगड कापायच्या कारखान्यात होता, छातीत धूळ बसून गेला. सुमन म्हणे त्यानंच कबूल केलं होतं की एक दिवस समुंदर दाखवीन.

हॉटेलवाल्यानं हे ऐकलं न दोघीले सामानासकट बाहेर काढलं. मी त्याले वाईट म्हणत नाही. त्या गावात कोणतंच हॉटेल राख खोलीत घेत नाही, दुसरे गिऱ्हाईक पळतात. घाटावरच्या पंडितानं तिले आधीच सांगितलं होतं की आजची वेळ गेली, सकाळी या. म्हणजे रात्र काढणं आलं. पंडित म्हणे, मडकं माझ्या शेडमधी खुंटीले टांगून ठेवा, सगळेच ठेवतात. सुमन म्हणे, इतनी दूर लाके खूँटी पे नहीं टाँगूँगी. आणि उन्हात, रस्त्याच्या कडेले, चार वर्षांच्या पोरीले घेऊन बसली. पोरीले ताप होता. ते पण तिनं आत्ता सांगितलं.

मी फोन लावत सुटली. जेवढे नंबर माझ्याजवळ होते तेवढे, एक तेवढा लागत नव्हता. प्रत्येकाले खरं सांगितलं. एक म्हणे, मॅडम, ये हॉटेल है, शमशान नहीं. एक हसला. एक म्हणे, ठीक आहे, पण बाथरूममधी ठेवावं लागेन. ते मी सुमनले सांगितलंच नाही.  त्या दिवशी सम्यकच्या पप्पांची पण ड्युटी होती. ते ट्रॅकवर आहेत, पटरी पाहत पायी चालतात, मागून गाडी येते. त्याहिची ड्युटी असली की मी फोनची रिंग वाजली तरी दचकते. सुमनशी बोलता बोलता मले एकच वाटत होतं, हिच्या जागी मी बसली आहे.

मीनाजी म्हणे, "अरे बोल दे ना, अचार की हाँडी है. कौन खोल के देखेगा!"

मी सुमनले तसं सांगितलं. ती एकदम हळू आवाजात म्हणे, "अचार कैसे बोलूँ दीदी, ये सुन रहे हैं."

 सम्यक माझी साडी ओढून राहिला होता. त्याच्याकडे पाहता पाहता मले धंद्यातली एक गोष्ट आठवली, की पाच वर्षांखालच्या लेकराचं हॉटेलात काही लागत नाही. ना पैसे, ना आधार. कोणी तोंड पण पाहत नाही झोपलेल्या लेकराचं. मी भीत भीत म्हटलं, दीदी, अचार नका म्हणू. बच्चा म्हणता येईन का?

 मले वाटलं आता शिवी देते. मंग ती म्हणे, "आखिर में बच्चे जैसे ही हो गए थे. मैं ही उठाती थी, मैं ही खिलाती थी. बोल दूँगी."

जो नंबर आधी लागत नव्हता, तो आता लागला न त्या हॉटेलात मी बुकिंग केलं. एक मोठी, दोन लहान. काउंटरवर सेल्वम नावाचा माणूस होता, याच्याआधी दोन-तीनदा बोललेली, ओल्या कपड्यावर न चिडणारा. सुमननं पोरीची शाल मडक्याभोवती गुंडाळली, खांद्यावर घेतलं, थोपटत आत गेली. मी म्हटलं फोन चालू ठेवा, स्पीकरवर, शालीत खोचून, म्हणजे काही झालं तर मी बोलीन. मी कानाले फोन लावून इकडं बसली. पंखा ऐकू आला. चावीचा आवाज. सेल्वमचं तुटकं हिंदी, "बेबी सो रहा?" सुमन म्हणे, "हाँ, थक गए." मंग ती त्याच्याशीच बोलली, आ गए जी, बस, यहीं रुकना है. कोणाले काय वाटणार? लेकराशी सगळ्याच आया बोलतात.

आणि तेवढ्यात सम्यक खुर्चीवर आपटला न भोकाड पसरलं.

मी फोनवर हात ठेवेपर्यंत ते गेलं तिकडं. त्या शालीतून. तिच्या खांद्यावरून. मले सेल्वमचा आवाज आला, "ओ, ओ, बेबी उठ गया! दूध भेजता. दो ग्लास भेजता." न सुमन थोपटतच राहिली, थप थप थप, न म्हणत राहिली, चुप, चुप हो जाओ.

दाराची कडी लागली. काम झालं. मीनाजीनं मले शाबासकी दिली. पण माझ्या लेकराचा आवाज एका मेलेल्या माणसाले दिला मी. घरी जाऊन सम्यकच्या पप्पांले सांगितलं तर ते चिडले. "आपण असं काही मानतो का वो? आवाज आहे तो. फोनमधून गेला, संपला." मी हाव म्हटलं. पण सम्यकले कुशीतून सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्बा करून राहिली होती, सुमनचा फोन आला. म्हणे, "दीदी, हो गया. पानी में हूँ. सुनो." तिनं फोन धरला. मी गॅस बंद केला, कान लावला. मी एवढ्या खिडक्या ऐकल्या, एवढे नळ ऐकले, मले वाटलं आता समुद्र ऐकू येईन. काहीच नाही आलं. जराही नाही. मले वाटलं फोन कटला, पाह्यलं तर चालूच होता.  मंग तिनंच ठेवला.

पोळ्या होतात न होतात तर सेल्वमचा फोन. आवाजच वेगळा.

"मॅडम, कल दो बेबी आया. ये लेडी सुबह समुद्र गया, दो लेके गया, एक लेके आया. दूसरा किधर?"

 मी म्हटलं, सुमन को फोन दो. म्हणे, "बात नहीं कर रहा. पूछता हूँ, देखता है बस. हम शटर गिराया मॅडम. पुलिस बुलाता." मागून पोरगी रडल्याचा आवाज येऊन राहिला होता, मम्मी मम्मी करून. मले समजलं, याले वाटून राहिलं की हिनं लेकरू समुद्रात टाकलं. न त्याले तसं वाटणारच! एकटी बाई, पहाटे जाते, हात रिकामे करून येते, न काही बोलत नाही.

सम्यकचे पप्पा बूट घालून राहिले होते. मी फोन छातीशी धरून त्याहिले सांगितलं. ते म्हणाले, "खरं सांगून टाक. पोलीस यायच्या आधी सांगितलं तर त्याले खरं म्हणतात. मागून सांगितलं तर बयान म्हणतात."

मी सांगितलं. भैया, वो बेबी नहीं था. उसका घरवाला था. राख थी.

सेल्वम म्हणे, "झूठ. हम रोना सुना. अपना कान से सुना."

मी म्हटलं, वो मेरा बच्चा था भैया, यहाँ जयपुर में, फोन में रोया था.

"सुनाओ."

आता सम्यक खाली बसून पोळीचा तुकडा चघळून राहिला होता, एकदम खुशीत. मी त्याच्यासमोर फोन धरला. हसला. मी म्हटलं रड रे बापा, एकदा रड. त्याले वाटलं खेळच आहे. मी खरं सांगते, माझा हात चिमटा घ्यायले त्याच्या मांडीपर्यंत गेला. घेता नाही आला. पलीकडं ती पोरगी रडून राहिली, सेल्वम म्हणून राहिला मॅडम, मॅडम. तवा सम्यकच्या पप्पांनी माझ्याकडं पाह्यलं, डब्बा उचलला, न दार उघडून बाहेर पडले.

बाप घरातून निघाला की हा रोज रडते. तसाच रडला. दाराकडं हात करून, श्वास कोंडेपर्यंत. मी फोन धरून ठेवला न स्वतःही रडली.

सेल्वमनं ते रडणं पुरतं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "हाँ. यही था."

मंग म्हणे, "मॅडम, हम दूध दो ग्लास भेजा था."

"हाँ भैया."

"दोनों खाली वापस आया."

 मले खर्रर्र करून आवाज आला, तो शटर वर गेल्याचा होता. मंग तो एकदम धंद्याच्या आवाजात बोलला, की खोली धुवावी लागेन, मालकाले कळायच्या आत तो स्वतः धुईन. सुमन आता खोलीत नाही जाऊ शकत, पण गाडीच्या वेळेपर्यंत इथं काउंटरच्या बाजूले बसेन, पोरीले इडली देतो, तापाची गोळी आहे माझ्याकडं. "और मॅडम, आप इधर फिर बुकिंग मत करना. कभी मत करना."

मी नाही करत. माझ्याजवळचं रामेश्वरचं ते सगळ्यात चांगलं हॉटेल होतं, नळाची धार एकदम मोठी. आता कोणी विचारलं तर मी दुसरं सांगते, न सांगताना मले त्या सेल्वमसमोर मान खाली घालून उभी असल्यासारखं वाटते.

सुमन जयपूरले वापस आली. दुकानात काही आली नाही, मी पण तिले पाह्यलं नाही अजून. गाडीतून एकदा फोन केला होता. पोरीचा ताप उतरला म्हणे. मी विचारलं, बर्थ बराबर मिळाला ना? म्हणे, "हाँ. हम दो ही हैं, हो जाएगा."

काम तसंच चालू आहे. गिरणी चालू आहे. पण आता कोणी फोन करून रामेश्वर म्हटलं, न मी विचारलं, कितने जने हो, न त्याहिनं सांगितलं तीन, चार, की मी लगेच लिहून घेत नाही. हळूच विचारते, "साथ में और कोई हैं?" बरेच लोक म्हणतात नहीं तो, क्यों? पण कोणी कोणी गप्प होते. आणि ते गप्प असतात तेवढ्या वेळात मी मांडीवरच्या सम्यकवर हात ठेवते, सम्यकचे पप्पा या वेळेले पटरीवर कुठवर पोहोचले असतील ते मनात पाहते, न माझ्या घरातले मोजून घेते. दोन मोठे, एक लहान.